शेणमाळावरचा पाऊस

पोरांनो, आज जरा नीट मांडी घालून बसा. ही गोष्ट हसायची नाही. मधेच कुठे हसू आलं तर हसा, मी काही डोळे वटारणार नाही. पण शेवटी "अजून एक सांग ना" म्हणून पदर ओढायचा नाही, हे आधीच सांगून ठेवते. या गोष्टीनंतर लगेच दुसरी गोष्ट सांगवत नाही मला.

डोंगराच्या कुशीत एक जंगल होतं आणि त्या जंगलाच्या अगदी तळाशी एक तळं होतं. त्या तळ्यात एक पाणमांजरी राहत असे. पाणमांजर तुम्ही पाहिलेलं नसणार. अंगाने लांबट, शेपूट जाड, बोटांच्या मधे कातडीचे पडदे आणि पाण्यात अशी सुळकन फिरणारी की बघणाऱ्याला वाटावं, पाणीच हललं. काठावरच्या जांभळाच्या मुळ्यांखाली तिचं बीळ होतं. त्यात तिची दोन पिल्लं होती, एक थोरला आणि एक धाकटी. धाकटी जरा नाजूक होती. पाण्यात उतरायची तर आईच्या मानेला चिकटून.

तळ्याच्या वरच्या अंगाला चढ होता, आणि चढाच्या माथ्यावर एक मोकळं पठार होतं. त्या पठाराला सगळं जंगल शेणमाळ म्हणत असे. नाव ऐकून नाकं मुरडू नका. त्या जंगलाची एक चांगली रीत होती, आणि शेणमाळ हा त्या रीतीचाच भाग होता. तळ्यात किंवा तळ्याच्या काठावर कुणीही घाण करायची नाही, असा तिथला दंडक होता. ज्याला जायचं त्याने माथ्यावर जायचं. गवे जायचे, भेकरं जायची, रानडुकरं जायची. शिकार केलेल्याची हाडं-आतडी उरली, तर कोल्हेसुद्धा ती ओढत वर नेऊन टाकायचे. माणसांनासुद्धा जमत नाही इतकं त्यांनी ते पाळलं होतं.

या रीतीचा राखणदार होता एक म्हातारा गवा. गव्यांच्या कळपाचा तो मुखिया, आणि कळपाचाच का, सगळ्या जंगलात त्याचा शब्द चालायचा. नवं वासरू पायांवर उभं राहिलं की तो त्याला तळ्यापाशी आणायचा आणि म्हणायचा, "पाणी म्हणजे आई. आईच्या अंगावर घाण टाकायची नाही. घाण वर टाका." मग जरा थांबायचा. "माझी आजी याच्यापुढे आणखी काहीतरी म्हणायची बरं का. दोन बोल होते ते. दुसरा काही आता आठवत नाही. पण मुख्य हाच." वासरं मान हलवायची. गव्याला तो दुसरा बोल कुणी कधी विचारला नाही, आणि त्यानेही आठवायचे फारसे कष्ट घेतले नाहीत.

आणि मग एका उन्हाळ्यात तळ्याचं पाणी नासलं.

एकाएकी नासलं असं नाही. दोन-चार वर्षं ते हिरवट होत चाललं होतं, पण रोज बघणाऱ्याला ते कळत नाही. त्या उन्हाळ्यात मात्र पाणी आटलं आणि वर शेवाळाची जाड साय धरली. वास सुटला. सकाळी मासे वर येऊन तोंडं उघडी टाकायचे, आणि उन्हं चढेपर्यंत त्यातले कितीतरी पोट वर करून तरंगायला लागायचे. पाणी प्यालेल्या भेकरांची पोटं बिघडली. पाणमांजरीच्या धाकटीच्या अंगावर खरूज उठली आणि तिचे केस जागोजाग गळून गेले.

गव्याने अंजनीच्या झाडाखाली सगळ्यांना बोलावलं. त्याचा चेहरा पडला होता. "आपण आईच्या अंगावर घाण टाकत नाही," तो म्हणाला. "कुणी टाकली असेल तर त्याने कबूल करावं."

कुणी पुढे आलं नाही. येणार कसं? खरोखरच कुणी टाकली नव्हती.

तेव्हा कोल्हा उठला. कोल्हा काही दुष्ट नव्हता, उगाच त्याच्या नावाने बोटं मोडू नका. त्याला फक्त एक सवय होती, प्रश्नाचं सगळ्यात सोपं उत्तर आधी शोधायची. तो म्हणाला, "आपण सगळे जमिनीवर राहतो आणि घाण टाकायला वर जातो. पाण्यात राहतं कोण? दिवसभर पाणी घुसळतं कोण? अर्धे मासे खाऊन अर्धे टाकून देतं कोण? पाणी नासलंय तर पाण्यात राहणाऱ्यानेच नासवलं असणार."

ऐकायला किती सरळ वाटतं, नाही का? अंजनीखाली बसलेल्या सगळ्यांनाही तसंच वाटलं. सगळ्यांच्या माना पाणमांजरीकडे वळल्या.

पाणमांजरी पिल्लांना पोटाशी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "आजोबा, मी घाण करत नाही. माझी पोरं याच पाण्यात वाढतात. मी कशाला घाण करीन? मला वाटतं, हे पाण्यातून येत नाही, वरून येतं. गेल्या पावसाळ्यात मी पाहिलंय. जोराचा पाऊस झाला की वरच्या अंगाने तांबडं पाणी तळ्यात घुसतं, आणि त्याला शेणाचा वास असतो. मासे पहिल्यांदा तिथेच मरतात."

"शेणाचा?" गव्याच्या कपाळावर आठी पडली.

"मला नक्की माहीत नाही, आजोबा. मी वर कधी गेलेली नाही, माझे पाय पाण्याचे. पण एवढं करा. पाऊस लागेपर्यंत थांबा, आणि मोठ्या पावसात एकदा माझ्याबरोबर शेणमाळावर चला. आपण दोघं बघू. मग तुम्ही म्हणाल ते मी ऐकेन."

आता इथे एक गोष्ट समजून घ्या, कारण सगळं तिच्यावरच आहे. पावसात शेणमाळावर कुणीच जात नसे. माथा उघडा होता, तिथे विजा पडायच्या. पावसाची सर आली की सगळी जनावरं दाट झाडीत शिरून उभी राहायची आणि उघडीप झाली की वर जायची. त्यामुळे शेणमाळ सगळ्यांनी रोज पाहिला होता, पण पावसातला शेणमाळ कुणाच्या बापजन्मीसुद्धा पाहिलेला नव्हता.

गवा उभा राहिला. त्याला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर तो राग पाण्यापायी आलेला नव्हता. "ही रीत माझ्या आजीच्या आजीपासून चालत आली आहे," तो म्हणाला. "रीतीमुळे पाणी नासतं म्हणतेस? आम्ही उन्हातान्हात चढ चढून वर जातो ते काय उगाच? शेणमाळाला बोल लावायचा नाही."

"मी बोल लावत नाही. मी फक्त चला म्हणते."

"आमची वासरं आज तहानलेली आहेत. पावसापर्यंत वाट बघायला वेळ नाही. तू डोंगरापलीकडच्या नदीवर जा."

पाणमांजरी घाबरली. नदी होती डोंगरापलीकडे, आणि मधे होता सडा. सडा म्हणजे काळ्या खडकाचं उघडं पठार. झाड नाही, सावली नाही, आणि उन्हाळ्यात तर पाण्याचा टिपूसही नाही. मोठ्या जनावराचे पाय भाजायचे तिथे. ती हात जोडल्यासारखी पुढचे दोन्ही पाय छातीशी घेऊन म्हणाली, "मग निदान पावसापर्यंत राहू द्या. तळ्यातून निघून डोंगराला वळसा घालत नदीला मिळणारा ओढा वाहता झाला की आम्ही पाण्यातून जाऊ. आत्ता सड्यावरून नेलं तर माझी धाकटी जगायची नाही."

गर्दीत एक थोरली रानडुकरीण बसली होती. तोंडाची फटकळ, कुणाला न भिणारी. पाणमांजरीचा आणि तिचा घरोबा होता. चिखलात लोळायला ती तळ्यावर यायची तेव्हा पाणमांजरीची पोरं तिच्या पाठीवरून घसरगुंडी खेळायची. तिने तोंड उघडलं. मग आपल्या मागे बसलेली आपली तहानलेली पिल्लं तिने पाहिली आणि तोंड मिटलं. एका शब्दाने काम झालं असतं, पोरांनो. एका शब्दाने.

दुसऱ्या दिवशी उजाडताच पाणमांजरी निघाली. धाकटीला तिने मानगुटीला धरून तोंडात उचललं होतं आणि थोरला तिच्या मागून चालत होता. जांभळाखालच्या बिळाकडे तिने एकदा वळून पाहिलं. मग तिघं झाडीतून वर सड्याकडे गेली. पुढे त्यांचं काय झालं ते जंगलात कुणाला कळलं नाही, म्हणून आत्ता मीही सांगत नाही.

पाणमांजरी गेली, तरी पाणी सुधारलं नाही. कोल्हा म्हणाला, "जरा वेळ लागेल, मुरलेली घाण आहे." मग पावसाळा आला. तळं भरलं, शेवाळ फुटून वाहून गेलं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. पण श्रावणाच्या सुमाराला पाणी पुन्हा गढूळ झालं, त्याला वास सुटला, आणि आता तर ते प्यालेल्या जनावरांना हगवण लागायला लागली. आजारी आणि मेलेले मासे पाणमांजरी खाऊन टाकायची, त्यामुळे पाणी निदान निवळत तरी असे. आता खाणारं कुणी नव्हतं. ते तिथेच कुजत राहिले.

गव्याच्या लेकीचं एक वासरू होतं. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं, आजोबाच्या पायात पायात करणारं. एक दिवस ते तळ्याच्या वरच्या अंगाला पाणी प्यालं. संध्याकाळी त्याला हगवण लागली. गवा त्याच्याजवळ उभा राहिला. त्याने त्याला चाटलं, नाकाने ढकलून उठवायला बघितलं. वासरू दोन वेळा उठलं, मग नाही उठलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मेलं.

लेक बाजूला तोंड करून उभी राहिली. गव्याला वाटलं, तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेवढ्यात आभाळ भरून आलं. झाडांच्या शेंड्यांवर वारा आदळायला लागला आणि मुसळधार पाऊस कोसळू लागला. सगळी जनावरं झाडीत शिरली. गवा मात्र झाडीतून बाहेर निघाला. पाणमांजरीचं बोलणं उन्हाळ्यापासून त्याच्या मनात सलत होतं, काटा मोडून बसावा तसं. "मोठ्या पावसात एकदा चला." वासराच्या अंगावरचा पाऊस बघवेना, म्हणून असेल, किंवा आता विजेची भीती उरली नाही म्हणून असेल. तो चढ चढून शेणमाळावर गेला.

आणि त्याने पाहिलं.

वर्षानुवर्षांचं शेण, कुजलेली हाडं, सडलेली फळं, सगळं पाण्याने सुटं होऊन हलायला लागलं होतं. माथ्यावरचं पाणी एका बाजूला धाव घेत होतं. तिथे एक घळ पडली होती, सरळ खाली उतरणारी. गवा घळीच्या काठाने चालू लागला आणि चालता चालता थबकला. ही घळ त्याच्या ओळखीची होती. ही त्यांचीच पायवाट होती. पिढ्यान्‌पिढ्या गव्यांचा कळप तळ्यापासून माथ्यापर्यंत नाकासमोर चढत-उतरत आला होता, आणि त्या जड खुरांनी जमीन इतकी खोल कापली होती की पावसाळ्यात तिचा ओढा होत होता. दोन्ही बाजूंनी रानडुकरांनी कंदांसाठी उकरलेली भुसभुशीत माती होती. तीही ढासळून पाण्यात मिसळत होती. शेणाचं, मातीचं ते तांबडं पाणी फेसाळत सरळ तळ्यात शिरत होतं. जिथे शिरत होतं, तिथेच काल त्याचं वासरू पाणी प्यालं होतं.

गवा पावसात उभा राहिला. त्याला आठवलं, तो वासरू असताना हा चढ असा उघडा नव्हता. माथा आणि तळं यांच्यामधे वाळ्याचं आणि उंच गवताचं दाट बन होतं. एवढं दाट, की आत शिरलं तर आई सापडत नसे. वरून येणारं पाणी त्या बनात शिरलं की मंदावायचं, गाळ तिथेच टाकायचं आणि स्वच्छ होऊन खाली झिरपायचं. कुठे गेलं ते बन? कुणी तोडलं नव्हतं. तोडलं असतं तर त्याला धरून चार तडाखे तरी देता आले असते. ते सगळ्यांनी मिळून थोडं थोडं खाल्लं होतं. वरच्या शेणाने तिथलं गवत गोड व्हायचं, म्हणून भेकरं तिथेच चरायची. मुळं खुसखुशीत म्हणून रानडुकरं तिथेच उकरायची. वाट जवळची म्हणून गवे त्यातूनच जायचे. प्रत्येकाने घासभरच घेतला होता.

आणि मग त्याला आजीचा तो दुसरा बोल आठवला. इतक्या वर्षांनी, भर पावसात, अख्खाच्या अख्खा आठवला. "घाण वर टाका आणि मधलं बन राखा."

रीत दोन पायांची होती. त्यांनी एक पाय ठेवला होता आणि एक कापून खाल्ला होता.

गव्याला रडू कोसळलं. एवढं थोरलं जनावर, पण लहान पोरासारखं रडलं. वासरासाठी रडला तो, आणि पाणमांजरीसाठीही. चिखलात तोंड घालून तो म्हणाला, "बाई गं, तू फक्त चला म्हणत होतीस."

पाऊस थांबल्यावर त्याने पुन्हा सगळ्यांना अंजनीखाली बोलावलं. आपण काय पाहिलं ते त्याने सांगितलं, काहीही न लपवता. आजीचे दोन्ही बोल सांगितले. "चूक माझी आहे," तो म्हणाला. "मी अर्धी रीत शिकवली आणि पूर्ण रीतीचा मान घेतला."

कोल्हा म्हणाला, "मग सोपं आहे. ही जागा सोडू. पलीकडच्या टेकाडावर जाऊ. तिथलं पाणी आपल्या तळ्यात येत नाही."

"कुठे जातं?" गव्याने विचारलं.

कोल्ह्याने कान खाजवला. "जात असेल कुठेतरी."

"त्या कुठेतरीला कुणीतरी पाणी पीत असेल," गवा म्हणाला. "एका आईला मी सड्यावर घातलं. दुसऱ्या कुणाच्या दारात शेण सोडणार नाही. जे आहे ते इथेच थोपवायचं."

"थोपवायचं कसं पण? पाणी काय शेपटीला धरून ओढता येतं?" हे रानडुकरीण बोलली. मग तिचा आवाज खाली आला. "आजोबा, त्या दिवशी माझ्या तोंडाशी शब्द आला होता. मी गिळला. तो अजून खाली उतरलेला नाही. काय करायचं ते सांगा, मी करते."

गवा म्हणाला, "तुमचं काम उकरायचं. ते थांबवा, असं मी म्हणत नाही. तुम्ही उतारावर उभं उकरता, वरून खाली. म्हणून पाण्याला वाट मिळते. तेच आडवं उकरा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी चरात पडेल आणि थांबेल."

"आडवं?" रानडुकरीण म्हणाली. "आमच्यात कुणी आडवं उकरलं नाही हो आजवर. मुसकट आपोआप खाली वळतं." पण दुसऱ्या दिवशी ती आपलं सगळं खटलं घेऊन चढावर हजर झाली. पहिले चर असे काही वाकडेतिकडे झाले की बघणाऱ्याला हसू यावं. एक पिल्लू तर सवयीने सरळ खालीच उकरत गेलं आणि आईचा फटका खाऊन परत आलं. तरी काम थांबलं नाही. चरातून निघालेली माती खालच्या अंगाला बांधासारखी रचली. साळिंदराने तळ्याच्या कोपऱ्यात उरलेले वाळ्याचे ठोंब दातांनी कुरतडून आणले आणि ते बांधावर रोवले.

गव्यांच्या वाट्याला सगळ्यात अवघड काम आलं. त्यांना आपली सरळ वाट सोडायची होती. लांबून, वळणं घेत, डोंगराच्या पोटाला धरून वर जायचं. म्हातारे गवे कुरकुरले. पाय जुन्या वाटेकडेच ओढ घेत. म्हातारा गवा रोज त्या घळीच्या तोंडाशी आडवा उभा राहायचा, आणि त्याला ओलांडून जायची कुणाची छाती नव्हती. भेकरांना सांगितलं, बनाला तोंड लावायचं नाही. त्या वर्षी भेकरं अर्धपोटी राहिली. पुढ्यात कोवळं गवत दिसतंय आणि खायचं नाही, ही काय साधी गोष्ट आहे का? तुमच्यापुढे लाडवांचा डबा उघडा ठेवून मी बाहेर गेले तर काय होतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. भेकरांनी मात्र पाळलं.

एका पावसाळ्यात काही साधलं नाही. उलट चर फुटले, बांध वाहून गेले, पाणी पुन्हा तांबडं झालं. कोल्हा म्हणाला, "मी म्हणत होतो." पाऊस ओसरला तशी रानडुकरं पुन्हा चढावर गेली, आणि यावेळी कोल्हाही मागून गेला. त्याचे पंजे माती सारायला बरे होते. मग कितीतरी पावसाळे असेच गेले. वाळ्याने मुळं धरली. गवत गुडघ्याला लागलं, मग पोटाला लागलं. घळीत गाळ साठून ती बुजत आली. तळ्यात आधी बेडूक बोलायला लागले, मग मासे दिसायला लागले. एक दिवस पाणी इतकं निवळलं की तळाचे दगड दिसले.

सगळं जंगल आनंदलं. गवा आनंदला नाही. तो आता फार थकला होता. त्याला धड दिसतही नव्हतं. रोज संध्याकाळी लांबच्या वाटेने उतरून तो जांभळापाशी यायचा आणि त्या रिकाम्या बिळाजवळ उभा राहायचा. मासे होते, पाणी होतं, बीळ होतं, आणि त्यात राहणारी नव्हती.

एका पावसाळ्यात, ओढा दुथडी भरून वाहत असताना, ओढ्यातून एक पाणमांजर वर आलं. तरणंताठं होतं, अंग काळंभोर तुकतुकीत. ते काठावर आलं, अंग झटकलं, पण तळ्यात उतरलं नाही. जांभळाखाली उभ्या असलेल्या गव्याला त्याने विचारलं, "आजोबा, शेणमाळ कुठल्या बाजूला आहे?"

गव्याने मान वर केली. "शेणमाळाशी तुझं काय काम? तळं इकडे आहे."

"आईने सांगितलं होतं. कधी परत गेलास तर तळ्यात उतरायच्या आधी वर जाऊन बघ. पाणी वरून येतं."

गवा एक पाऊल पुढे आला. मग त्याने विचारलं, "ती कुठे आहे?"

"सड्यावरच राहिली," तो तरुण म्हणाला. "धाकटी वाटेतच गेली होती. तरी आईने तिला तोंडातून खाली ठेवलं नाही. ठेव म्हटलं तर ऐकेना. पुढे आईलाही चालवेना. मला म्हणाली, तू चालत राहा, थांबू नकोस. मी नदीवर पोचलो." त्याने गव्याकडे नीट पाहिलं. "ते मोठे आजोबा तुम्हीच ना? तुम्ही गेलात का कधी पावसात वर?"

"गेलो," गवा म्हणाला. "उशिरा गेलो, बाळा."

पाऊस पडत होता. तरुण पाण्याच्या पायांनी चढ चढत गेला. वाळ्याच्या बनातून, चरांच्या काठाकाठाने, माथ्यापर्यंत गेला, आणि बऱ्याच वेळाने चिखलाने माखून खाली आला. गवा तिथेच उभा होता. तरुण तळ्याच्या कडेला आला, पाण्याकडे पाहिलं, तरी उतरला नाही.

"मधल्या चराला भगदाड पडलंय," तो म्हणाला. "तिथून गढूळ पाणी खाली यायला लागलंय."

गव्याने क्षमा मागायची म्हणून तोंड उघडलं होतं. ते त्याने मिटलं. मागून मिळण्यासारखी ती गोष्ट नव्हती, हे त्याला कळलं. "चल, दाखव," तो म्हणाला.

म्हातारा गवा पुढे आणि तरुण पाणमांजर मागे, असे दोघं भर पावसात वर गेले. गव्याची हाक ऐकून रानडुकरीण आली, तिची नातवंडं आली. भगदाडापाशी पोचल्यावर गवा त्या चिखलात आडवा झाला आणि आपल्या पाठीने त्याने पाणी अडवलं. रानडुकरांनी माती लोटली, तरुणाने पुढच्या पायांनी ती दाबली, वाळ्याचे ठोंब रोवले. पाणी चरात थांबलं आणि हळूहळू निवळलं.

मग तो तरुण खाली आला आणि तळ्यात उतरला. गवा वरच होता. त्याला उठायचं जमलं नाही, आणि खरं तर उठायचं त्याच्या मनातही नव्हतं. पावसात, त्या चराला पाठ लावून, तो खालून येणारा पाण्याचा आवाज ऐकत पडून राहिला. सकाळी सगळे वर आले तेव्हा तो गेलेला होता. कुणी त्याला तिथून हलवलं नाही. त्याच्यावरच माती लोटली आणि बांध पुरा केला. त्या बांधावर आज वाळा इतका दाट आहे की आत शिरलं तर आई सापडत नाही.

आता त्या जंगलात नवं वासरू पायांवर उभं राहिलं की त्याला आधी तळ्यावर नेत नाहीत. मोठ्या पावसात चढावर नेतात आणि दोन्ही बोल शिकवतात.

तात्पर्य : पाणी खाली नासलेलं दिसतं, पण ते नासतं वरच्या उतारावर, आपल्याच पायांखाली. म्हणून पाण्याकाठच्याला दोष देण्याआधी भर पावसात आपला उतार बघून यावा, आणि रीत पाळायची तर अर्धी पाळू नये. राहिलेल्या अर्ध्याची किंमत ज्याचा काहीच दोष नाही तो भरतो.